हिरव्या कुरणातली उपासमार

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी, टाउपो सरोवराच्या आसपास, ज्वालामुखीच्या राखेनं घडलेलं एक विस्तीर्ण पठार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांनी तिथलं रान तोडलं, जाळलं आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत गवताचं आणि क्लोव्हरचं बी फेकलं. पावसाला तोटा नव्हता. कुरणं तरारून आली, त्यांत गायी-मेंढ्या सोडल्या गेल्या आणि पहिले काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग जनावरांची भूक मंदावू लागली. अंगावरची तकाकी गेली, कोकरांच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं, मेंढ्यांची वाढ खुंटली, गायींचं दूध आटलं. पोटऱ्यांपर्यंत वाढलेल्या गवतात उभी असलेली जनावरं दिवसेंदिवस खंगत जायची आणि एके दिवशी आडवी व्हायची. लोकांनी या आजाराला ‘बुश सिकनेस’ म्हणायला सुरुवात केली. बुश म्हणजे रान. रान तोडून काढलेल्या जमिनीवरच तो दिसायचा.

हा साथीचा रोग नव्हता, हे शेतकऱ्यांनी अनुभवातून ओळखलं होतं. आजारी जनावर काही कोसांवरच्या ‘निरोगी’ जमिनीवर नेलं की ते आठवड्या-दोन आठवड्यांत खायला लागायचं, अंग धरायचं. परत आणलं की काही महिन्यांनी पुन्हा तीच गत. म्हणजे दोष जनावरात नव्हता, तो जमिनीत होता. पण जमिनीत नेमकं काय कमी आहे किंवा काय जास्त आहे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जिथं हा आजार होता तिथं जमिनीला कवडीची किंमत येईना.

न्यूझीलंड काही एकटं नव्हतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या मेंढपाळांना ‘पाइन’ नावाचा असाच झिजवणारा आजार पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता; स्वतः मेंढपाळी केलेल्या जेम्स हॉग या स्कॉटिश लेखकानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याबद्दल लिहून ठेवलं होतं. केनियात नाकुरू गावाच्या परिसरातल्या गुरांचा आजार ‘नाकुरायटिस’ म्हणून ओळखला जाई. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आणि कांगारू बेटावर तो ‘कोस्ट डिसीज’ होता, तर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाला डेन्मार्क नावाच्या छोट्या गावाभोवती ‘डेन्मार्क वेस्टिंग डिसीज’. गाव वेगळं, नाव वेगळं, लक्षणं मात्र एकसारखी. या सगळ्यांच्या मुळाशी एकच कारण आहे, हे कळायला १९३५ साल उजाडावं लागलं. आणि ते कारण जनावराच्या शरीरात शिरून काम कसं करतं, हे कळायला त्यापुढची आणखी सोळा वर्षं गेली.

पहिला सुसंगत खुलासा मांडला तो न्यूझीलंडच्या कृषी खात्यातले मुख्य रसायनशास्त्रज्ञ बर्नार्ड ॲस्टन यांनी. आजारी जनावरांचं रक्त फिकं पडतं, ही खूण त्यांनी धरली. रक्त फिकं म्हणजे लोह कमी. तेव्हा राखेच्या जमिनीत आणि तिच्यावरच्या गवतात लोहाचा तुटवडा असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. उपायही त्याला धरूनच होता: लिमोनाइट नावाचं पिवळसर तपकिरी लोहखनिज दळून जनावरांना चाटायला ठेवायचं. आश्चर्य म्हणजे ते लागू पडलं. सगळीकडचं नाही, पण काही खाणींमधल्या लिमोनाइटनं मरणाच्या दारातली जनावरं उठून उभी राहिली. त्यामुळे लोहाचा सिद्धांत वीसेक वर्षं टिकून राहिला. एका ठिकाणच्या लिमोनाइटनं गुण येतो आणि दुसऱ्या ठिकाणच्या येत नाही, शुद्ध लोहाच्या क्षारांवर तर भरवसाच ठेवता येत नाही, या विसंगतीचं उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं.

दरम्यान गुरांना नालायक ठरलेल्या त्या पठाराचा दुसरा उपयोग शोधला गेला. १९२० आणि ३० च्या दशकांत सरकारनं तिथं हजारो हेक्टरांवर पाइन वृक्षांची लागवड केली. काइंगारोआचं ते वन आज जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित वनांमध्ये मोडतं. मेंढ्या जगल्या असत्या तर त्यातल्या बऱ्याच जमिनीवर कुरणंच राहिली असती.

लोहाच्या सिद्धांताला सुरुंग लागला तो पश्चिम ऑस्ट्रेलियात. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारनं ब्रिटनमधून आलेल्या कुटुंबांना गटागटानं वसवून दुग्धव्यवसाय उभारण्याची योजना आखली होती. डेन्मार्कभोवती वसलेल्या कुटुंबांनी प्रचंड मोठाली झाडं पाडून कुरणं केली आणि त्यांच्या गायी त्याच कुरणांत झिजू लागल्या. कर्जात बुडालेली कित्येक कुटुंबं जमीन सोडून निघून गेली. या आजाराचा छडा लावण्याचं काम एरिक अंडरवुड हा तरुण पोषणशास्त्रज्ञ आणि जॉन फिल्मर हा पशुवैद्य यांच्याकडे आलं.

त्यांनी आधी आजारी जनावरांच्या यकृताची तपासणी केली. लोहाचा तुटवडा असेल तर यकृतातलं लोह कमी भरायला हवं होतं. प्रत्यक्षात ते निरोगी जनावरांपेक्षा जास्त निघालं. लोह शरीरात साठून होतं, फक्त वापरलं जात नव्हतं. मग गुण देणाऱ्या लिमोनाइटमध्ये आहे तरी काय? दोघांनी ते खनिज आम्लात विरघळवलं, त्यातलं लोह रासायनिक रीतीनं काढून टाकलं आणि उरलेला लोहविरहित अर्क मेंढ्यांना पाजला. मेंढ्या सुधारल्या. आता शोध सुरू झाला तो त्या अर्कातल्या इतर धातूंचा. एकेक भाग वेगळा करायचा, एकेका गटाला द्यायचा, वजनं घ्यायची, असं करत करत बाकीचे धातू बाजूला पडले आणि कोबाल्ट उरला. १९३५ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. लिमोनाइटमध्ये कोबाल्ट केवळ अशुद्धी म्हणून, नगण्य प्रमाणात होता. ज्या खाणीच्या मालात ही अशुद्धी जास्त, तो माल गुणकारी ठरत होता.

त्याच सुमारास ॲडलेडमध्ये हेडली मार्स्टन आणि त्यांचे सहकारी लाइन्स वेगळ्याच वाटेनं त्याच ठिकाणी पोहोचले. कोबाल्ट दिलेल्या उंदरांच्या रक्तात तांबड्या पेशींची संख्या वाढते, असं युरोपातल्या प्रयोगांतून पुढे आलं होतं. रक्त फिकं पडलेल्या मेंढ्यांना तोच धातू देऊन पाहायला काय हरकत आहे, असा विचार करून त्यांनी तो दिला. रोज एक मिलिग्रॅम. एवढ्याशा मात्रेवर मेंढ्या काही दिवसांत गवतावर तुटून पडल्या. लाइन्स यांचा लेखही १९३५ चाच. गंमत अशी की उंदरांतला तो परिणाम भरमसाट मात्रेचा होता आणि मेंढ्यांच्या आजाराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तर्क चुकला होता, धातू बरोबर सापडला.

पुढची उकल वेगानं झाली. न्यूझीलंडमध्ये नेल्सन इथल्या कॉथ्रॉन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी मातीचे, गवताचे नमुने तपासायला घेतले. एल्सा किडसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी देशभरातल्या मातीतल्या कोबाल्टची मोजणी केली. आजाराचा नकाशा आणि कोबाल्टच्या कमतरतेचा नकाशा एकमेकांशी जुळत गेला. सुमारे १८०० वर्षांपूर्वी टाउपोच्या महास्फोटानं पठारावर प्युमिसचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र दगडाचा, थर पसरला होता. सिलिका भरपूर असलेल्या या खडकात कोबाल्ट जवळजवळ नसतो. बेसॉल्टसारख्या काळ्या खडकात तो बऱ्यापैकी असतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कारण निराळं होतं: तिथली माती शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेली चुनखडीची वाळू होती. गवताला स्वतःला मात्र या कमतरतेनं काहीच होत नव्हतं, म्हणूनच ते हिरवंगार दिसे. रवंथ करणाऱ्या जनावराला वाळलेल्या चाऱ्याच्या एका किलोत साधारण ०.१ मिलिग्रॅम कोबाल्ट पुरतो. रोगी कुरणांत तो याहूनही कमी होता.

उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आणि स्वस्त निघाला. सुपरफॉस्फेट खतातच कोबाल्ट सल्फेट मिसळायचं आणि ते कुरणावर पसरायचं. हेक्टरी ३५० ग्रॅम पुरेसं. दुसऱ्या महायुद्धानंतर डोंगरउतारांवर विमानांतून खत टाकायची पद्धत न्यूझीलंडमध्ये रुळली आणि जिथं बैलगाडी काय, माणूससुद्धा पोतं घेऊन चढू शकत नव्हता तिथंही कोबाल्ट पोहोचला. ज्या पठारावर जमीन घेणारा दिवाळं वाजवून घेई, तिथं पुढच्या काही दशकांत दुभत्या गायींचे मोठमोठे गोठे उभे राहिले.

ऑस्ट्रेलियातल्या अफाट माळरानांवर खत टाकणं परवडण्याजोगं नव्हतं. मेंढ्यांना रोज हातानं औषध पाजणं तर अशक्यच. मार्स्टन यांच्या गटानं १९५८ मध्ये त्यावर तोडगा काढला: कोबाल्ट ऑक्साइडची जड गोळी. पिचकारीसारख्या साधनानं ती मेंढीच्या घशात सोडायची. वजनामुळे ती पोटाच्या पहिल्या कप्प्यांतच बसून राहते आणि महिनोन्‌महिने कणाकणानं विरघळत राहते. काही मेंढ्यांत गोळीवर चुनखडीसारखा थर चढून ती निकामी होऊ लागली, तेव्हा सोबत एक छोटा पोलादी स्क्रू सोडण्यात आला. दोन्ही एकमेकांवर घासून थर खरवडला जाऊ लागला. शेतकऱ्यांनी तिला ‘कोबाल्ट बुलेट’ म्हटलं.

आजार हटला होता, पण कोड्याचा मधला भाग तसाच होता. एक मिलिग्रॅम धातू पन्नास किलोच्या जनावरात नेमकं काय करतो? या प्रश्नाला एक विचित्र पदर होता. कोबाल्ट तोंडावाटे दिला तर मेंढी सुधारत होती. तोच कोबाल्ट शिरेत टोचला तर काहीही फरक पडत नव्हता. रक्तात मिसळलेला धातू निरुपयोगी, पोटात गेलेला मात्र संजीवनी. याचा अर्थ कोबाल्टची गरज मेंढीच्या रक्तमांसाला नव्हतीच. ती होती तिच्या पोटात राहणाऱ्या दुसऱ्याच कुणाला तरी.

रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट चार कप्प्यांचं असतं. त्यातला सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. गायीचं कोटीपोट शंभर लिटरांहून अधिक मावेल असा आंबवणीचा रांजण असतो. त्यातल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात. गवतातलं सेल्युलोज पचवणारे विकर गायीपाशी नाहीत; ते काम हे जिवाणू करतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. प्राणवायू नसलेल्या या अंधाऱ्या कप्प्यातले जीव प्रयोगशाळेत वाढवण्याच्या पद्धती रॉबर्ट हंगेट यांनी अमेरिकेत विकसित केल्या, त्या याच काळात. कोबाल्टचा धागा मात्र इथं सरळ पोहोचला नाही. तो आला माणसांच्या एका जीवघेण्या आजाराला वळसा घालून.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८४९ मध्ये एका गूढ पांडुरोगाचं वर्णन केलं होतं. रुग्ण फिकट, पिवळसर होत जाई, थकवा वाढे, हातापायांना मुंग्या येत आणि शेवट ठरलेला असे. पुढं त्याला ‘घातक पांडुरोग’ असंच नाव पडलं. १९२० च्या दशकात जॉर्ज व्हिपल यांनी रक्त काढून अशक्त केलेल्या कुत्र्यांना निरनिराळे पदार्थ खाऊ घालून पाहिले, त्यात कलेजी सर्वांत सरस ठरली. त्यावरून बॉस्टनमधल्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी आपल्या रुग्णांना रोज कलेजी खायला लावली आणि १९२६ मध्ये ४५ रुग्णांचे निष्कर्ष जाहीर केले. मरणपंथाला लागलेली माणसं बरी झाली होती. १९३४ चं नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळालं. कुत्र्यांना गुण आला होता तो मुख्यतः कलेजीतल्या लोहानं, हे नंतर कळलं. माणसांना गुण देणारा पदार्थ निराळाच होता. लिमोनाइटच्या बाबतीत लोहाचा भास झाला आणि काम कोबाल्टनं केलं, कलेजीच्या बाबतीतही जवळपास तेच घडलं. फरक एवढाच की इथला कोबाल्ट अजून कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.

कलेजीत एकच औषधी पदार्थ नाही, याचा पुरावा मुंबईतून मिळाला. लंडनच्या लूसी विल्स या डॉक्टर बाई १९२८ मध्ये गरोदर स्त्रियांमधल्या पांडुरोगाचा अभ्यास करायला मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून त्यांचं काम चाले आणि त्यांच्या रुग्णांत गिरणी कामगार बायका बऱ्याच होत्या. या बायकांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली घातक पांडुरोगासारखंच दिसे. पण त्या आजारावर रामबाण ठरलेला शुद्ध केलेला यकृताचा अर्क इथं चालत नव्हता. कच्चा अर्क मात्र चालत होता. शिवाय दारूच्या भट्टीतल्या यीस्टपासून बनवलेला, पावाला लावायचा मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थही चालत होता. १९३१ मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या ‘विल्स घटका’ची पुढं फोलेट म्हणून ओळख पटली. यीस्टमध्ये फोलेट असतं. घातक पांडुरोग बरा करणारा दुसरा पदार्थ कुठलंच यीस्ट बनवू शकत नाही. तो अजून कलेजीतच दडून होता.

त्याला बाहेर काढण्यातली मोठी अडचण म्हणजे मोजमाप. अर्क शुद्ध होतोय की वाया जातोय हे तपासायला दर वेळी घातक पांडुरोगाचा रुग्णच लागे. ही कोंडी फोडली ती एका जिवाणूनं. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या कुक्कुटपालन विभागात काम करणाऱ्या मेरी शॉर्ब यांना ठाऊक होतं की लॅक्टोबॅसिलस गटातला एक विशिष्ट जिवाणू यकृताचा अर्क घातल्याशिवाय वाढत नाही. त्याला हवा असलेला घटक हाच रुग्णांना हवा असलेला घटक असेल, असं त्यांनी ताडलं. मर्क कंपनीकडून त्यांना यासाठी अवघे ४०० डॉलर मिळाले. तर्क खरा ठरला. आता परीक्षानळीतला जिवाणू किती वाढला यावरून अर्काची ताकद झटपट कळू लागली. १९४८ मध्ये अमेरिकेत मर्कमधल्या कार्ल फोल्कर्स यांच्या गटानं आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोमधल्या लेस्टर स्मिथ यांनी काही आठवड्यांच्या अंतरानं तो पदार्थ स्फटिकरूपात मिळवला. त्याला जीवनसत्त्व बी-१२ हे नाव मिळालं. स्फटिक लालभडक होते. विश्लेषण केलं, तेव्हा त्या रेणूच्या मध्यभागी धातूचा एक अणू निघाला: कोबाल्ट.

ॲडलेड, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नेल्सनमधल्या मंडळींना हे वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कोबाल्टविना खंगलेल्या कोकरांना बी-१२ टोचण्यात आलं. शिरेतला कोबाल्ट जे करू शकत नव्हता ते या इंजेक्शननं केलं. कोकरं खायला लागली. साखळीचा मधला दुवा मिळाला: गवतातला कोबाल्ट कोटीपोटातल्या जिवाणूंना, जिवाणूंनी घडवलेलं बी-१२ मेंढीला. बुश सिकनेस हा मुळात जिवाणूंच्या उपासमारीचा आजार होता.

भुकेचं कोडंही सुटलं. गायी-मेंढ्यांना ग्लुकोज गवतातून थेट फारसं मिळत नाही. जिवाणूंनी तयार केलेल्या प्रोपिऑनिक आम्लापासून त्या ते यकृतात बनवतात. या वाटेवरची एक पायरी बी-१२ शिवाय ओलांडता येत नाही. पायरी तुंबली की ते आम्ल रक्तात साचतं आणि जनावराची खाण्यावरची वासनाच उडते. यकृतात बी-१२ चा साठा असल्यामुळे हे सगळं घडायला काही महिने लागतात. नव्या कुरणात आलेली जनावरं सुरुवातीला धडधाकट राहायची ती त्या शिदोरीवर.

बी-१२ ची रचना उलगडली ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन यांनी, क्ष-किरणांच्या साहाय्यानं. ते काम १९५६ मध्ये पुरं झालं आणि १९६४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. हा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की प्रयोगशाळेत तो मुळापासून बनवायला हार्वर्डचे रॉबर्ट वुडवर्ड आणि झुरिकचे आल्बर्ट एशेनमोझर यांच्या गटांतल्या सुमारे शंभर रसायनशास्त्रज्ञांना १९७२ पर्यंत झटावं लागलं. जिवाणू हेच काम तीसेक पायऱ्यांत करतात. कुठलीही वनस्पती, कुठलाही प्राणी, कुठलीही बुरशी हे करू शकत नाही. पृथ्वीवरचं सगळं नैसर्गिक बी-१२ जिवाणू आणि आर्किया या दोनच गटांतल्या सूक्ष्मजीवांनी घडवलेलं आहे.

आणि कोबाल्ट हा त्यांच्या गरजेचा एकटाच धातू नाही. हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंना मॉलिब्डेनम लागतो, हे जर्मनीत हेर्मान बोर्टेल्स यांनी १९३० मध्ये दाखवलं होतं. त्याचा शेतीतला प्रत्यय पुन्हा दक्षिण ऑस्ट्रेलियातच आला. ॲडलेडजवळच्या टेकड्यांमध्ये मेडोज या गावी क्लोव्हर काही केल्या वाढेना. १९४२ मध्ये ए. जे. अँडरसन यांनी ओळखलं की लाकडाच्या राखेनं तिथं पडणारा फरक राखेतल्या मॉलिब्डेनमचा आहे. एकराला औंस-दोन औंस दिल्यावर मुळांच्या गाठींतले जिवाणू कामाला लागले. त्याच गाठींतल्या ऱ्हायझोबियम जिवाणूंना कोबाल्टही हवा असतो, हे शौकत अहमद आणि हॅरल्ड इव्हान्स यांनी १९६० मध्ये अमेरिकेत सोयाबीनवर सिद्ध केलं. मॉलिब्डेनम नसेल तर ॲझोटोबॅक्टरसारखे काही जिवाणू व्हॅनेडियमवरही निभावून नेतात. कोटीपोटातच राहणारे मिथेन बनवणारे आर्किया त्यांच्या शेवटच्या पायरीसाठी निकेल वापरतात. पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरचं कारण म्हणून पुढं आणलेला हेलिकोबॅक्टर जिवाणू जठरातल्या आम्लात तग धरतो तो ज्या विकराच्या जोरावर, त्याच्याही गाभ्यात निकेलच असतो.

माणसाच्या पोटातही बी-१२ बनवणारे जिवाणू आहेत. पण ते राहतात मोठ्या आतड्यात आणि हे जीवनसत्त्व शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. त्यामुळे स्वतःच्याच जिवाणूंची ही कमाई माणसाच्या हाती लागत नाही. गायीचं कोटीपोट आतड्यांच्या आधी येतं, म्हणून तिला ती मिळते. माणसाला रोज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं आणि ते मांस, मासे, अंडी किंवा दूध यांतूनच यावं लागतं. जो मांसाहार करत नाही त्याचा सगळा भार दूध-दही-ताकावर, म्हणजे शेवटी गायी-म्हशींच्या कोटीपोटातल्या जिवाणूंवर. दुधाच्या एका मोठ्या पेल्यातून रोजच्या गरजेचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो. उकळताना त्यातला काही भाग जातो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरोदरपणी दोनतृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेटची कमतरता मात्र जवळपास कुणातच नव्हती. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. मुंबईत विल्स यांना सापडलेल्या घटकाची उणीव आता गोळ्यांनी भरून निघते, कोबाल्टवाल्या घटकाची राहून जाते, असं चित्र या अभ्यासातून उभं राहिलं. पुढं याच गटानं गावातल्या किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देऊन त्याचा परिणाम पुढच्या पिढीवर काय होतो, हे पाहणारी चाचणीही हाती घेतली.

औषधाच्या दुकानात मिळणारं बी-१२ आता कलेजीतून काढत नाहीत. मोठमोठ्या टाक्यांमध्ये स्यूडोमोनास किंवा प्रोपिऑनिबॅक्टेरियम जातीचे जिवाणू वाढवून ते मिळवलं जातं आणि त्या टाक्यांत साखरेच्या जोडीला कोबाल्टचा क्षार घालावाच लागतो. टाउपोच्या पठारावरचे शेतकरी अजूनही खताची मागणी नोंदवण्याआधी गवताची आणि जनावरांच्या यकृताची तपासणी करून घेतात. महाराष्ट्रातल्या गोठ्यांत दुभत्या जनावरांना आंबोणासोबत दिल्या जाणाऱ्या खनिज मिश्रणातही कोबाल्ट असतो. पिशवीवरच्या घटकांच्या यादीत कॅल्शियम आणि फॉस्फरस आरंभी असतात आणि कोबाल्टचा आकडा टक्क्याच्या एका शतांशाच्या आसपास.